कबरस्थानाची भिंत

१४ जानेवारी १९७३, रविवार

आज उपासनेनंतर पाळकसाहेबांनी जाहीर केले की यापुढे कबरस्थानाचा कारभार सूर्यभान मास्तर पाहतील. मागच्या बाकावरून कोणीतरी "आमेन" म्हणाले आणि दोघेतिघे हसले. मीही हसलो. सत्तरी ओलांडलेल्या माणसाला कबरस्थान राखायला देणे म्हणजे पाहुण्याला आधीच घर दाखवून ठेवणे.

संक्रांत आहे, पण तीळ कुठला? शिवारात कडबासुद्धा नाही. सगळी आळी दुष्काळी कामावर जाते आणि रेशनवरच्या लाल मिलो ज्वारीच्या भाकरी खाते.

दुपारभर कबरस्थानाचाच विचार करत पडलो. मिशनचा पहिला साहेब आला तेव्हा तिथे उघडा माळ होता. तरसे मढी उकरत. मागच्या शतकातल्या मोठ्या दुष्काळात साहेबाने लोकांच्या हाताला काम म्हणून भिंत घालायला लावली. माझ्या वडिलांनी लहानपणी तिचे धोंडे वाहिले होते. आधी भिंत झाली आणि मग नियम झाले. साहेबलोक लिंबाखाली, आपले लोक उतारावर. पाय पूर्वेला, म्हणजे शेवटच्या दिवशी उठताना तोंड उगवतीकडे. मंडळीत नाव असेल तो आत. बाप्तिस्मा नसेल तो आत नाही. हे सगळे मला लहानपणापासून पाढ्यासारखे पाठ आहे.

दगडांवर 'मेला' असे कुठेच नाही. 'प्रभूमध्ये निजला' असे आहे. एवढा एक शब्द बदलला की केवढे अंगण उघडते. शाळेत मी मुलांना हेच शिकवीत असे.

२० जानेवारी

किल्ली घेऊन गेलो. फाटकाला कुलूप आहे आणि दक्षिणेची भिंत सत्तर सालच्या पावसात पडली ती तशीच आहे. म्हणजे कुलूप नुसते फाटकाच्या समाधानासाठी.

पडक्या भागातून कडूबाईच्या शेळ्या आत आलेल्या. ही आमच्याच आळीतली, आमच्याच मंडळीतली. माझ्याहून मोठी की धाकटी, हे तिलाही ठाऊक नाही.

"काय मास्तर, जागा बघाया आले का?"

"कारभारी झालोय मी इथला."

"मेलेल्यांचा व्हय? बरंय. शाळंतल्या पोरांनी लई पिडलं तुमाला. ही काय दंगा करायची न्हाईत."

"शेळ्या बाहेर काढ आधी."

"भायेर काय हाय खायाला? आत निदान लिंबाचा पाला तरी पडतोय."

रतनच्या उशाशी बसलो. तिच्या शेजारची जागा माझी. ती गेल्याला आता बरीच वर्षे झाली, पण उन्हे कलली की अजून ती डोळ्यांसमोर येते. भाकरी टाकून झाल्या की ती भिंतीच्या बाहेरून एक फेरी मारून यायची. लुगड्याला कुसळे लावून परत. मी म्हणायचो, रानवारा मी कवितेत वाचतो, पण खातेस तू. ती हसायची नाही. तिला काव्याचा कान नव्हता. पण मन होते.

दोन ओळी सुचल्या:
निजले सोबती मातीच्या कुशीत,
उठतील सारे पहाटखुशीत.
'पहाटखुशीत' ओढाताणीचे वाटते. पाहू.

२७ जानेवारी

दुष्काळी कामावरचे ओव्हरसियर घरी आले. तरुण आहेत, हॅट काढून बोलले. सोनईकडे जाणारा रस्ता करताहेत, त्याला मुरूम हवा. आमच्या दक्षिण भिंतीच्या बाहेर चांगल्या मुरमाचा उंचवटा आहे. जागा सरकारची, पण कबरस्थानाला लागून, म्हणून मंडळीची चिठ्ठी पाहिजे. खोदताना निघणारा काळा दगड ते आमच्या पडक्या भिंतीपाशी टाकून देणार. मला तर देवच पावला. तिथे काम निघाले तर आळीतल्या बायकांना लांबही जावे लागणार नाही.

त्यांच्याबरोबर टोळीचा मुकादम होता, गहिनीनाथ. आमच्या पुंजारामचा मुलगा. बाप आमच्या मंडळीत भजनाला झांज वाजवायचा, तो आत उतारावर निजलेला आहे. मुलाने छप्पन्न साली बौद्ध दीक्षा घेतली आणि आई भागूबाईला बरोबर नेले. तेव्हापासून आमचे बोलणे रस्त्यातल्या रस्त्यात.

नुसते 'हरकत नाही' लिहून भागले असते. पण हातात लेखणी आली की मला तेवढ्यावर थांबवत नाही. वाक्य तोलून लिहिले: "भिंतीच्या आत आमचे सर्व आहेत, भिंतीच्या बाहेर आमचे कोणी नाही." खाली सही. ओव्हरसियर म्हणाले, "वा."

गहिनीनाथने कागद हातात घेऊन वाचला. "वाक्य झ्याक हाय मास्तर. आमी पन भायेरच की."

मी हसलो. पुंजारामचा विनोद पोरात उतरलेला आहे.

४ फेब्रुवारी, रविवार

उपासनेहून येतो तो दारात गहिनीनाथची बायको विमलबाई उभी. "सासूबाईंनी बोलवलंय. आत्ताच चला म्हनल्यात."

भागूबाईला दम लागलाय. खाटेवर उशाला घोंगडी रचून बसवली होती. केवढीशी झाली आहे ती. नवी नवरी म्हणून आली तेव्हा वेशीतून डोक्यावर हंडा घेऊन चालायची आणि थेंब सांडायचा नाही.

"मास्तर, किल्ली तुमच्याकडं हाय म्हनं आता."

"हो."

"मग मला जागा द्या. माजं मानूस हाय तिथं. त्याच्याजवळ निजवा. दुसरं काय मागनं न्हाई."

गहिनीनाथ उंबऱ्यात बसला होता. तो म्हणाला, "आई, ते पुढचं पुढं. आपली मानसं हायेत की."

"तू गप. मी मास्तरशी बोलतीया."

'माजं मानूस.' पती नाही, धनी नाही, मालक तर नाहीच. माणूस. इतकी वर्षे दुसऱ्या वाटेने चालली, तरी पुंजाराम तिचा माणूस राहिला. घरी येईपर्यंत हा शब्द तोंडात घोळवत होतो. पोरांना कवितेचा अर्थ सांगताना मी घसा कोरडा करायचो, आणि इथे ज्या बाईला अक्षर येत नाही तिने एका शब्दात सगळे सांगितले.

मी शब्द दिला आहे. पण जागा देणे माझ्या हाती नाही, मंडळीच्या पंचांच्या हाती आहे.

१८ फेब्रुवारी

पंचांची बैठक. विषय मांडला. सगळे एकदमच बोलू लागले.

"जित्तेपणी बाक सोडला आन् मेल्यावर जागा पायजे व्हय?"

"मास्तर, कबरस्थान म्हंजे काय धर्मशाळा हाय का?"

"आज ही, उद्या तिचा ल्योक. मग आमी कुठं जायाचं?"

मी उभा राहिलो आणि 'माणूस' या शब्दावर बोललो. चांगले बोललो असे मला वाटते. शेवटी माझ्या दोन ओळीही म्हटल्या. पाळकसाहेब चष्मा पुसत म्हणाले, "मास्तर, हे कविसंमेलन नाही. ती मंडळी सोडून गेली. नियम मी केलेला नाही."

"भिंतीआधी नियम नव्हता, साहेब."

"पण आता भिंत आहे ना."

निर्णय पुढे ढकलला.

संध्याकाळी कबरस्थानात बसलो. दक्षिणेला काम सुरू होऊन पंधरवडा होऊन गेला. आज रविवार म्हणून शांत होते, पण एरवी कुदळींचा आवाज कसा लयीत येतो. एक कुदळ पडते, तोवर दुसरी उठते. तिसरीची पोरे एका सुरात कविता म्हणायची तसे वाटते. बायका पाट्या भरतात आणि टेम्पो भरभरून सोनईच्या दिशेने जातात. भिंतीपाशी काळ्या दगडाचा ढीग वाढतो आहे. मन भरून आले.

४ मार्च, रविवार

जागा मिळाली.

उपासनेनंतर पाळकसाहेबांनी मला मागे थांबवले. म्हणाले, "माझ्या आजीनं शेवटपर्यंत बाप्तिस्मा घेतला नाही. ती गावच्या मसणवट्यात आहे. बैठक झाल्यापासून तीच आठवतेय." मग म्हणाले, "पुंजारामची पत्नी म्हणून घेऊ. आत उपासना आपलीच होईल. गहिनीनाथची माणसं भिंतीशी उभी राहतील. पंचांना मी सांगतो."

मी त्यांचे हात धरले. तरुण माणूस आहे, पण मोठ्या मनाचा.

पुंजारामच्या शेजारी जाऊन जागा पाहिली. डाव्या अंगाला मोकळी आहे. उद्या भागूबाईला सांगणार.

५ मार्च

काय लिहू? घडले तसे लिहितो.

सकाळीच गेलो. गहिनीनाथ कामावर गेलेला. खाटेजवळ बसून म्हणालो, "भागूबाई, काम झालं. पुंजारामशेजारी जागा मिळाली."

"कुनाशेजारी?"

"पुंजारामशेजारी. तुझ्या माणसाशेजारी."

ती आढ्याकडे बघत राहिली. मग हसली, आणि हसता हसता तिला खोकल्याची उबळ आली. "मास्तर, जल्मभर त्याच्याशेजारी निजले. आता तरी सोडवा की."

मला कळेना. तिने विमलबाईला पाण्याला पिटाळले. मग पदराने तोंड पुसून हळू बोलू लागली.

"माजी पोर हाय तिथं. गहिनीच्या पाठीवरची. चार दिसाची हुती. पाळकाला बोलवू बोलवू म्हनत ऱ्हायलो आन् गेली. तवाचे पाळक म्हनले, बाप्तिस्मा न्हाई, तर आत न्हाई. धन्यानं पाटीत घालून नेली. मी मागनं बाळंतिनीची उठून गेले. भितीच्या भायेर, दक्षिनंच्या अंगाला, हिवराखाली. तिच्याजवळ निजवा म्हनत हुते मी."

"तू माणूस म्हणालीस."

"मग? पोर काय मानूस न्हाई?"

तीच पुढे म्हणाली, "तवाच सुटलं माजं देऊळ. छप्पन्न सालाची वाट कशाला बगू? बाकावर बसत हुते, पन सुटलं हुतं. कोनी इचारलंच न्हाई. लई लेकरं हायेत तिथं, मास्तर. तुमची रतनबाई यायची की माज्यासंगं, दिस मावळताना. माज्या आधीपासनं यायची ती."

रतनने हे मला कधी सांगितले नव्हते. तिला जिवाभावाची मैत्रीण होती हे कळून बरे वाटले.

घराकडे निघालो. कबरस्थानाच्या वळणावर कुदळींचा आवाज कानी आला आणि पाय जागीच थांबले. दक्षिणेच्या अंगाला.

६ मार्च

ओव्हरसियरना गाठले. ते रस्त्यावर छत्री लावून बसले होते. सगळे सांगितले. त्यांनी ऐकून घेतले, पेटीतून माझी चिठ्ठी काढली आणि माझ्यापुढे धरली. मी ती हातात घेतली नाही.

"मास्तर, तुमचीच सही आहे. बाहेर कोणी नाही म्हणता. मग आता कोण आलं?"

"लहान लेकरं आहेत."

"इतक्या वर्षांची?"

"खोदताना काही लागलं का?"

"मुरमात काय न काय येतंच. बायका पाट्या भरतात, टेम्पो रिकामा होतो, वरून रोलर फिरतो. मी काय चाळून बघतो?" बोलून झाल्यावर त्यांनाच कसेसे झाले. "मला खरंच माहीत नव्हतं हो," म्हणाले.

गहिनीनाथ जवळ उभा होता. त्याला बाजूला घेऊन आईने सांगितले ते सांगितले. तो खाली बसला.

"मी पाच वर्साचा आसंल. आई म्हनली, देवानं नेली. देवानं कुटं नेली ते न्हाई सांगितलं."

मग उठला आणि टोळीला ओरडून म्हणाला, "हातातलं टाका. हितलं काम बंद."

बायका चिडल्या. हजेरी बुडाली तर संध्याकाळी चुलीवर काय ठेवायचे? एक जण मला म्हणाली, "मेलेल्यांपायी जित्त्यांची भाकर काढता व्हय मास्तर?" शेवटी ओव्हरसियरनीच मार्ग काढला. टोळी ओढ्यापलीकडच्या टेकाडावर हलवली. लांब आहे. बायका पाट्या डोक्यावर घालून माझ्याकडे न बघता गेल्या.

हिवर तोडून नेलेला आहे. त्याच्या जागी खड्डा आहे, माणूस उभा राहील एवढा खोल.

९ मार्च

भागूबाईने ऐकले नाही. तिला खाटेसकट आणली, गहिनीनाथ आणि विमलबाई पुढे, टोळीतले दोघे मागे. पडक्या भिंतीबाहेर खाट टेकवली.

ती बघत राहिली. तिच्या खुणा म्हणजे हिवर आणि एक पांढरा धोंडा. दोन्ही नव्हते. उंचवटाच नव्हता. ती एकदा इकडे बोट दाखवी, एकदा तिकडे. "हितं... न्हाई. हितं सावली पडायची. आता सावलीच न्हाई तर कसं वळखू?"

मग तिने गहिनीनाथकडून मूठभर मुरूम मागून घेतला आणि तो तळहातावर बोटाने पसरत बसली. माझ्याकडे न बघता म्हणाली, "तुमी लिवून दिलं म्हनं, भायेर कोनी न्हाई म्हनून."

मी मान खाली घातली.

"बरोबर लिवलं तुमी. नाव ठिवायला बी येळ मिळाला न्हाई. बिननावाची ती, कोनीच न्हाई." मग ती रस्त्याकडे बघू लागली. दूरवर रोलर फिरत होता. "म्हंजे रस्त्यात गेली म्हना की. सोनईच्या बाजाराला निघाली माजी पोर."

गहिनीनाथने तोंड फिरवले.

निघताना तिने खाट थांबवायला लावली आणि पूर्वेच्या कोपऱ्याकडे हात केला. तिथले खोदलेले नाही, बाभळीचे खुंट तसेच आहेत. "तुमच्या रतनबाईचं तिकडं हाय. ते ऱ्हायलं बगा," असे काहीसे म्हणाली.

वारा फार होता. मला नीट ऐकू आले नाही.

१७ मार्च

बाहेर पडलो नाही. ऊन लागले असावे.

आज नगरच्या ट्रेनिंग कॉलेजचे दिवस आठवत होते. शिक्षकाची सनद घ्यायला मी तिथे दोन वर्षे होतो. संध्याकाळी आम्ही चार मित्र किल्ल्याच्या खंदकाच्या काठाने फिरायचो आणि एकेकाने एक श्लोक म्हणायचा, असा खेळ होता. मी कधी हरलो नाही. दुसऱ्या वर्षी गावी रतनचे पहिले बाळंतपण होते. वडील भेटायला आले तेव्हा म्हणाले, कच्चेच गेले, रतन बरी आहे, तू परीक्षेकडे बघ. मी परीक्षेकडे पाहिले. कवितेच्या पेपरात पहिला आलो.

सुटीत घरी गेलो तेव्हा रतन अबोल झाली होती. मला वाटले, प्रौढ झाली.

कच्चे म्हणजे किती कच्चे, हे त्या काळी पुरुष विचारत नसत. यात लिहिण्यासारखे काही नाही.

मुलाने सावेडीहून निरोप पाठवला आहे, उन्हाळा इकडे काढा म्हणून.

३० मार्च

भागूबाई काल गेली. आज माती दिली.

गहिनीनाथ सकाळी आला. "मास्तर, आईनं सांगून ठेवलंय, आत न्हाई. भायेर जिथं ऱ्हायलंय तिथं. कोनाची परवानगी लागती का?"

"बाहेर कोणाचीच लागत नाही."

पाळकसाहेबांना कळवायला गेलो. ते ओशाळले. "आत देत होतो ना आपण? आता बाहेर म्हटल्यावर मंडळीचा संबंध नाही. तुम्ही कारभारी म्हणून तिथे जाऊ नका." मी म्हणालो, कारभारी म्हणून नाही जात.

खोदलेल्या खड्ड्याच्या काठाशी, न खोदलेल्या बाजूला जागा धरली. दुष्काळाची जमीन, पहार टणकन उडत होती. टोळीतले गडी पाळीपाळीने खणत राहिले. खणताना प्रत्येक कुदळीला हात आवरत होते, खाली कोणी असेल म्हणून. गहिनीनाथच्या लोकांनी त्रिशरण म्हटले. पाली मला येत नाही, पण चाल कानाला धरून राहिली. मी चार श्लोक लिहून नेले होते. खिशातच राहिले.

"मास्तर, माती द्या," विमलबाई म्हणाली. मी मूठ भरून दिली.

वळून पाहतो तो भिंतीच्या पडक्या भागात आमच्या मंडळीतल्या पाचसहा बायका उभ्या होत्या. कडूबाई पुढे. मला वाटले, तमाशा बघायला आल्या. थोड्या वेळाने कडूबाई दगडावरून उतरून बाहेर आली. मग बाकीच्या. त्या भागूबाईच्या मातीकडे आल्याच नाहीत. एक बाभळीच्या खुंटापाशी गेली. एक खड्ड्याच्या कडेला जाऊन खाली बघत थांबली. एक नुसतीच मोकळ्यावर. कोणी कोणाकडे पाहत नव्हते. त्यांत पंचाची बायको होती. "कबरस्थान म्हंजे धर्मशाळा हाय का" म्हणाला होता त्याचीच.

मी पूर्वेच्या कोपऱ्यात गेलो. किती वेळ उभा होतो ते कळले नाही. पान हलत नव्हते.

१२ एप्रिल

पुनरुत्थानाच्या सणाला पहाटेची उपासना कबरस्थानात असते. त्याआधी भिंत पुरी करा, असा पंचांचा तगादा. आज रंभाजी गवंडी आला. दगडाच्या ढिगाभोवती एक चक्कर मारली, दोरी काढली.

"जुन्या रेघंनं घेतो मास्तर. छातीइतकी निघंल."

"जुन्या रेघेनं नाही. बाहेरून घे. ती बाई निजलीय तिच्यापलीकडून, खड्डा आत घेऊन, बाभळीच्या कोपऱ्यापर्यंत."

त्याने मला खालीवर न्याहाळले. "दगड पुरायचा न्हाई. गुडघ्याच्या वर जायाची न्हाई भित."

"गुडघ्याइतकी घे."

"तिला भित म्हनत न्हाईत. उंबरा म्हनत्यात."

"घे म्हणतो ना."

"पंच माज्या अंगावर येतील."

"माझं नाव सांग."

ओव्हरसियर तिथून जात होते. जागा सरकारची, ते हरकत घेतील म्हणून मी काही बोलणार तोच ते म्हणाले, "मी रस्त्याचा माणूस आहे मास्तर. भिंतीतलं मला कळत नाही." आणि निघून गेले. दुपारी टेम्पोतून आणखी थोडा दगड येऊन पडला. कोणी पाठवला, हे टेम्पोवाल्याने सांगितले नाही.

२२ एप्रिल, पुनरुत्थानाचा रविवार

उजाडता उजाडता मंडळी जमली. मेणबत्त्या, पांढरी लुगडी, गीते. भिंत पाहून गीत मधेच ढेपाळले. दक्षिणेला छातीइतकी भिंत असायची तिथे काहीच नाही, आणि पलीकडे दूरवर गुडघाभर दगडांची रांग.

उपासना झाल्यावर पाळकसाहेबांनी विचारले, "मास्तर, हे कोणाला विचारून केलं?"

"कोणालाच नाही."

"तुम्ही बाप्तिस्मा न झालेल्यांना आत घेतलंत. एका बौद्ध बाईला आत घेतलंत. मी पंचांना काय सांगू? वरच्यांना काय सांगू?"

"भिंत मास्तरनं चुकीची घातली म्हणून सांगा."

"चुकीची म्हणजे पाडावी लागेल."

तेव्हा पंचाची बायको, जी कधी चार लोकांत बोलत नाही, मेणबत्ती हातात धरून म्हणाली, "पाडायला कोन येनार हाय ते बघू तरी." तिचा नवरा मेणबत्तीकडे बघत राहिला.

पाळकसाहेबांनी हात पुढे केला. "किल्ली द्या, मास्तर."

दिली. फाटकाची आहे ती.

२ मे

नवा कारभारी नेमला आहे, पण तो उन्हाचा येत नाही. शेळ्या मात्र येतात. गुडघाभर भिंतीवरून त्या अशा येतात, जशा घरातल्या घरात या खोलीतून त्या खोलीत. पंच म्हणतात, पाहा, मास्तरने काय करून ठेवले. खरेच आहे. म्हणून सकाळी भाकर खाऊन मीच जाऊन बसतो आणि हाकलतो. अंगात ताकद नाही, पण आवाज अजून वर्गाएवढा निघतो.

परवा मुलगा सावेडीहून न्यायला आला. तिथे पंखा आहे, नळाला पाणी आहे. पाऊस पडला की येतो, असे सांगून लावून दिले. तो म्हणाला, "दादा, इथे तुमचं काय राहिलंय?"

आज कडूबाईची एक शेळी बाभळीच्या कोपऱ्यात शिरली. तिथे कुठून कोण जाणे हिरवे दोन कोंब फुटले आहेत. मी काठी शोधत होतो, तेवढ्यात कडूबाई लिंबाखालून ओरडली, "ए सटवे, तिकडं नगं. तिथं मास्तरचं हाय."

शेळी हलली नाही. मी काठी न घेताच गेलो, तिच्या गळ्याखाली हात घातला आणि तिला हळूच बाजूला केले.